आपल्याच कादंबरीची पटकथा: कादंबरीकारांना वारंवार पडणारे प्रश्न

कादंबरी माझी आहे. पटकथाही मीच लिहावी का?

लिहिता येते, आणि मराठीत याची परंपरा जुनी आहे. ना. ह. आपटे यांनी 'न पटणारी गोष्ट' या आपल्याच कादंबरीवरून प्रभात फिल्म कंपनीच्या 'कुंकू'ची (१९३७) पटकथा लिहिली. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि अमोल पालेकरांनी तिच्यावर १९९५ मध्ये चित्रपट केला, तेव्हा पटकथा माडगूळकरांचीच होती. दुसऱ्या बाजूला 'सिंहासन' (१९७९) आहे. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या एकत्र करून पटकथा लिहिली विजय तेंडुलकरांनी. शांता निसळ यांच्या 'बेघर'वरून 'उंबरठा' (१९८२) लिहिला तोही तेंडुलकरांनीच.

स्वतः लिहायचं की नाही, हे एका प्रश्नावर ठरवा: पुस्तकातलं तुम्हाला सगळ्यात प्रिय असलेलं प्रकरण चित्रपटात नसेल, तर चालेल का? उत्तर 'नाही' असेल तर हक्क द्या, पहिला ड्राफ्ट वाचून सूचना करा आणि पटकथा दुसऱ्याला लिहू द्या. त्यात कमीपणा काहीच नाही. पण उत्तर 'बघू या' असं असेल, तर तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही. पात्रं पुस्तकात नसलेल्या प्रसंगातही कशी वागतील, हे फक्त तुम्हाला माहीत असतं. पटकथेला हवं असतं ते नेमकं हेच. तुमची वाक्यं तिला फारशी लागत नाहीत.

सुरुवात कुठून करायची? पहिल्या पानापासून सीन पाडत जाऊ का?

तसं करू नका. पहिल्या प्रकरणापासून सीन पाडत गेलेला लेखक बहुतेक वेळा चाळिसाव्या सीनला अडकतो. तोवर पुस्तकाचा तिसरा हिस्साही संपलेला नसतो आणि पडद्यावर मात्र तास उलटून गेलेला असतो.

क्रम असा ठेवा. आधी पुस्तक एकदा सलग वाचा, हातात पेन्सिल न घेता. मग दुसऱ्यांदा वाचताना जे डोळ्यांना दिसतं किंवा कानांना ऐकू येतं, तेवढ्याखालीच रेघ मारा. 'त्याला वाटलं', 'तिला आठवलं', 'गावात असं मानत की' यांच्याखाली रेघ नको. ललित अंगाची कादंबरी असेल तर पानंच्या पानं कोरी राहतील. घाबरू नका, कोरी पानं किती आहेत हे कळावं म्हणूनच हा खटाटोप.

नंतर रेघ मारलेली प्रत्येक घटना एका कार्डावर, एका ओळीत. 'रखमा शाळेत येऊन मास्तरांना पाटी परत देते.' एवढंच. अडीचशे पानांच्या कादंबरीतून साधारण १०० ते १५० कार्डं निघतात. ती जमिनीवर मांडा आणि पुस्तक कपाटात ठेवून द्या. इथून पुढे पटकथा कार्डांवरून लिहायची. पुस्तक उघडं ठेवून लिहिलं की वाक्यांचा मोह सुटत नाही, आणि पटकथेत निवेदकाची भाषा शिरली की ती काढणं फार जड जातं.

किती कापावं लागतं?

हिशेब करून बघा. २५० पानांची कादंबरी म्हणजे पानाला सुमारे ३०० शब्द धरून ७५ हजार शब्द. मिनिटाला १२५ शब्दांच्या गतीने ती मोठ्याने वाचली तर १० तास लागतात. चित्रपट दोन तासांचा. म्हणजे वेळ पाचपट कमी. त्यातही अर्धाअधिक वेळ कुणी बोलतच नाही.

दोन तासांत साधारण ६० ते ८० सीन बसतात, दीड-दोन मिनिटांचा एक धरून. १५० कार्डांतली निम्मी तरी जाणार हे त्यामुळे ठरलेलंच आहे, आणि उरलेल्यांतली बरीचशी एकमेकांत मिसळणार. आमचं मत असं, की छाटण्यापेक्षा निवडणं सोपं जातं. 'हे काढू का?' असं विचारत बसलात तर प्रत्येक कार्ड गयावया करतं. त्याऐवजी कोऱ्या जमिनीवर एकच कार्ड ठेवा, ज्याच्याशिवाय ही गोष्ट ही गोष्टच राहणार नाही ते. मग विचारा, हे घडायला आधी काय घडायला हवं? आणि यामुळे पुढे काय घडणं भाग आहे? या दोन प्रश्नांनी जी कार्डं आपणहून जवळ येतात, तो चित्रपटाचा कणा. बाकीची कितीही सुंदर असली तरी ती पुस्तकात सुखरूप आहेतच.

उलटही घडतं. 'जोगवा' (२००९) राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. सगळी पानं वापरायची नसतात, म्हणून तर दोन पुस्तकांतून एक चित्रपट होऊ शकतो.

पात्राच्या मनातलं पडद्यावर कसं आणायचं?

हाच सगळ्यात अवघड भाग, म्हणून एक उदाहरण नीट उलगडून बघू. समजा कादंबरीत असा परिच्छेद आहे:

'जमीन आपल्या हातून जाते आहे, हे नानांना सहन होत नव्हतं. आजोबांनी विहीर खणली, बापाने बांध घातले आणि आपण मात्र अंगठा उठवून मोकळे होणार. पोरांना पुण्यात फ्लॅट हवा होता. त्यांचं चुकत होतं असंही नाही. पण आपण कुणाचा तरी विश्वासघात करतो आहोत, हे नानांच्या मनातून जाईना.'

नवखा पटकथाकार इथे नानांना बोलतं करतो. नोंदणी कचेरीत बाकावर बसून ते मुलाला विहिरीचा इतिहास सांगतात. मुलाला तो ठाऊक असतो, प्रेक्षकाला तो सांगितला जातोय हे कळतं, आणि सीन तिथेच मरतो. दुसरी चूक म्हणजे नानांचा चेहरा जवळून, डोळ्यांत पाणी आणि मागे बासरी. मग सगळा भार नटावर आणि संगीतकारावर पडतो. लेखकाने काहीच केलेलं नसतं.

आता हे बघा:

दृश्य ४१. आतील. दुय्यम निबंधक कार्यालय. दिवस.

नाना (७०) टेबलासमोर उभे. शेजारी धाकटा (३८), फोनमध्ये डोकं. मागे रांग. कारकून अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवतो. नाना अंगठा ठेवतात. लाल दिवा.

कारकून: परत ठेवा.

पुन्हा लाल.

कारकून: रेषा झिजल्यात हो. पुसा जरा.

नाना धोतराच्या सोग्याला अंगठा पुसतात. ठेवतात. लाल.

धाकटा: (मान वर न करता) दुसरं बोट चालेल का?

कारकून: चालेल की.

नाना बोट बदलत नाहीत. तोच अंगठा पुन्हा पुसतात, सावकाश. ठेवतात. हिरवा दिवा.

कारकून: झालं, आजोबा. पुढचे कोण?

नानांचा अंगठा यंत्रावरच आहे.

विश्वासघात, आजोबा, बाप यांतला एकही शब्द आलेला नाही. ज्या जमिनीने रेषा झिजवल्या तीच विकायला अंगठा उठत नाही, एवढी एक गोष्ट घडते. सीनमध्ये अडथळा आहे, मागे रांग आहे म्हणून घाई आहे, आणि काय चाललंय याची कल्पना नसलेली दोन माणसं आहेत. विहिरीचं काय? ती आधी कुठेतरी, म्हणजे आठव्या-दहाव्या सीनमध्येच दिसलेली हवी. नाना तिच्या काठावर बसून भाकरी खाताना, न बोलता. एकेचाळिसाव्या सीनला लागणारी वस्तू एकेचाळिसाव्यात आणली तर उशीर झालेला असतो.

तुमच्या परिच्छेदांना हीच रीत लावा: ही भावना असलेला माणूस हाताने काय करेल, कुठल्या वस्तूशी त्याची गाठ पडेल, आणि त्याच्या समोर कोण असेल ज्याला हे कळत नाही? 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या काकासाहेबांच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ हेच काम करतं. त्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, घरातले आणि रस्त्यावरचे आवाज आहेत. वयाबद्दल जे बोलता आलं असतं, ते टिकटिक बोलते.

माझी कादंबरी 'मी'च्या निवेदनात आहे. व्हॉइस-ओव्हर ठेवू का?

आधी व्हॉइस-ओव्हर (चित्रावर ऐकू येणारं निवेदन) न ठेवता पूर्ण ड्राफ्ट लिहा. मग जिथे सीन समजतच नाही तिथे घाला. बहुतेक ठिकाणी गरज पडत नाही. जो व्हॉइस-ओव्हर पडद्यावर दिसणारीच गोष्ट सांगतो ('त्या दिवशी फार पाऊस होता'), तो काढाच. निवेदक एक सांगतोय आणि चित्र दुसरं दाखवतंय, अशा जागी तो ठेवा. मुलगा सांगतोय की घरी सगळं ठीक होतं, आणि चित्रात आई त्याच्या डब्यात शेजारणीकडून आणलेली पोळी घालते आहे. अशा जागा चित्रपटभर चार-पाच असल्या तरी पुरे.

एक अडचण मात्र राहते. 'मी' सांगतो म्हणून कादंबरीत प्रत्येक प्रसंगाला तो हजर असतो किंवा त्याला तो ऐकून कळतो. चित्रपटात त्याच्या गैरहजेरीतले सीन दाखवायचे की नाही, हे सुरुवातीलाच ठरवा आणि मोडू नका. सत्तर मिनिटं आपण त्याच्याच नजरेने बघत असलो आणि अचानक एक सीन त्याच्या पाठीमागे घडला, तर प्रेक्षकाला खटकतं. कारण सांगता येत नाही, पण विश्वास उडतो.

'वनलाइन' म्हणजे नेमकं काय? निर्माते तीच मागतात.

सगळ्या सीनची क्रमवार यादी, प्रत्येकाला दोन-तीन ओळी: कुठे, कोण, काय घडतं, आणि आधीपेक्षा काय बदललं. ७० सीनची वनलाइन साधारण आठ-दहा पानांची होते. संवाद नाहीत, वर्णन नाही.

कादंबरीकारांना वनलाइन रुक्ष वाटते, म्हणून ते ती टाळून थेट सीन लिहायला बसतात. तसं करू नका. वनलाइनमध्ये सीनची अदलाबदल करायला पाच मिनिटं लागतात, लिहून झालेल्या ड्राफ्टमध्ये पाच दिवस. वनलाइन तयार झाली की प्रत्येक दोन सीनच्या मध्ये 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का ते बघा. सलग चार ठिकाणी फक्त 'आणि मग' बसत असेल, तर तिथे प्रसंगांची नुसती माळ आहे, गोष्ट पुढे सरकत नाही. अनेक वर्षांचा पट असलेल्या कादंबऱ्यांत हे हमखास सापडतं.

मध्यंतराचा सीनही इथेच ठरवा. चित्रपटगृहासाठी लिहीत असाल तर ५५ ते ६५ मिनिटांच्या दरम्यान असा प्रसंग हवा, ज्यानंतर पात्राला मागे फिरता येत नाही. फक्त धक्का पुरत नाही. प्रेक्षक बाहेर चहा घेताना 'आता हा काय करणार?' असं विचारेल, असा निर्णय किंवा अशी कोंडी हवी.

वनलाइननंतर ट्रीटमेंट, म्हणजे चित्रपटाची गोष्ट सविस्तर सांगणारा मजकूर: १५ ते २० पानं, वर्तमानकाळात, सलग गद्यात. हा टप्पा तुम्हाला आवडेल आणि म्हणूनच तो फुगेल. तीस पानांवर गेला तर थांबा.

एवढी पात्रं कशी सांभाळायची?

एकत्र करा. कादंबरीत काका, शेजारचे गुरुजी आणि पोस्टमन असे तिघे नायकाला तीन वेळा सल्ला देत असतील, तर पडद्यावर तो एकच माणूस असतो. दोन पात्रं एकत्र करता येतील का, याची खूण सोपी आहे: ती दोघं एकाच सीनमध्ये समोरासमोर येऊन भांडू शकतात का? नसतील भांडू शकत, तर बहुधा ती एकच आहेत. नावं लक्षात राहतील अशी पात्रं आठ-दहाच्या वर नेऊ नका, आणि 'सुमन', 'सुनंदा', 'सुलभा' अशी एकसारखी नावं बदला. वाचक पान उलटून मागे बघू शकतो, प्रेक्षक नाही.

पात्र बालपणापासून म्हातारपणापर्यंत जात असेल तर दोन-तीन नट लागतात, आणि प्रत्येक बदलाला प्रेक्षक पहिल्यापासून ओळख करून घेतो. गोष्ट जितकी उशिरा सुरू करता येईल तितकी करा.

संवाद पुस्तकातलेच घेऊ का?

घ्या, पण मोठ्याने म्हणून बघा. पुस्तकातले संवाद डोळ्यांसाठी लिहिलेले असतात. वाक्यं पूर्ण, व्याकरण नीट, आणि एकाचं संपल्यावर दुसऱ्याचं सुरू. माणसं अर्धवट बोलतात, उत्तराऐवजी प्रश्न विचारतात, विषय टाळतात. एका वेळी तीन ओळींपेक्षा जास्त बोलणारं पात्र असेल तर त्याला तसं बोलण्याचं कारण हवं. 'तुला माहीतच आहे, बाबांना जाऊन पाच वर्षं झाली' असली माहिती देणारी वाक्यं तर सरळ काढा. ज्याला माहीतच आहे त्याला कुणी सांगत नाही.

बोलीचा प्रश्न मोठा आहे. तुमच्या पुस्तकात निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत असतील, तर चित्रपटात निवेदन नाहीच, उरते ती बोली. ती एका गावाची ठरवा. 'ग्रामीण' नावाची कुठली बोली नसते. माणदेशी, मालवणी, वऱ्हाडी यांचे क्रियापदाचे शेवट आणि हेल वेगळे आहेत. आईने एक आणि मुलाने दुसरी बोली बोलली की त्या भागातला प्रेक्षक पहिल्या पाच मिनिटांत तुटतो. तीस-चाळीस नेहमीचे शब्द आणि क्रियापदांची रूपं यांचा एक तक्ता करून पटकथेला जोडा. नट बऱ्याचदा मुंबई-पुण्याचे असतात, त्यांना तो लागतो. आणि अख्खे संवाद त्या गावच्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

पानाची मांडणी कशी असते? देवनागरीत लिहिताना काय अडतं?

प्रत्येक सीनला क्रमांक आणि शीर्षक: आतील की बाहेरचं, ठिकाण, दिवस की रात्र. त्याखाली वर्तमानकाळात कृती, एका परिच्छेदात तीन-चार ओळींहून जास्त नको. मग पात्राचं नाव आणि संवाद. ठिकाणाचं नाव पूर्ण पटकथेत एकच ठेवा. एकदा 'नानांचं घर', एकदा 'वाडा', एकदा 'ओसरी' असं लिहिलंत तर शूटिंगची विभागणी करताना ती तीन ठिकाणं धरली जातात.

'एक पान म्हणजे एक मिनिट' हे माप तुम्ही ऐकलं असेल. ते १२ पॉइंटच्या कुरिअर टाइपवर बेतलेलं आहे, आणि कुरिअरमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. देवनागरीत फाँट बदलला की पानाची उंची बदलते, माप कोलमडतं. उपाय असा: पटकथेतून वेगवेगळ्या धाटणीचे पाच सीन निवडा (एक भांडणाचा, एक बिनसंवादाचा, एक गर्दीचा), घड्याळ लावून कृतीसकट मोठ्याने वाचा, आणि एकूण मिनिटांना पानांनी भागा. तुमच्या मांडणीचं गुणोत्तर मिळेल. ते पूर्ण पटकथेला लावा.

टंकन युनिकोडमध्येच करा. जुन्या श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये लिहिलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. पटकथेचं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी त्यात जोडाक्षरं, रफार आणि पीडीएफ नीट येते का ते दोन पानं लिहून तपासा. नाही आलं तर साधा वर्ड प्रोसेसर आणि तीन-चार ठरावीक शैली पुरतात.

खर्चाचा विचार लेखकाने करायचा का?

हो, पहिल्या ड्राफ्टपासून. कादंबरीत 'जत्रा भरली होती' ही तीन शब्दांची गोष्ट असते. पटकथेत ती दोनशे माणसं, त्यांचे कपडे, जेवण आणि दोन दिवस असते.

काही गोष्टी लेखकाला माहीत असाव्यातच. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. म्हणजे प्रत्येक सीनमध्ये दहा वर्षांचा मुलगा असेल तर शूटिंगचे दिवस वाढले. तो सीनच्या मध्यावर येऊ शकतो का, हे पाहा. बैल, कुत्रा, कोंबडी यांना कॅमेऱ्यासमोर आणायचं तर भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाची परवानगी लागते. विड्या ओढणारं पात्र असेल तर चित्रपटाला तंबाखूविरोधी सूचना जोडाव्या लागतात. विडी पात्राचा भाग असेल तर ठेवा, उगाच सवय म्हणून नको.

जुना काळ असेल तर बाहेरचे सीन महाग पडतात: मोबाइलचे मनोरे, पाट्या, गाड्या, पेव्हर ब्लॉक. तेच प्रसंग माजघरात, वर्गात, एसटीच्या आत घडवता येतात का ते बघा. आमचा अनुभव असा, की अशी सक्ती पुष्कळदा सीन सुधारते.

हक्क माझ्याकडेच आहेत ना?

गृहीत धरू नका. प्रकाशकाशी केलेला करार काढून वाचा. 'रूपांतर, नाट्य, चित्रपट व इतर माध्यमे' असं काही प्रकाशकाला दिलेलं आहे का, आणि किती वर्षांसाठी? कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सही केलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क घेणाऱ्याने वर्षभरात वापरला नाही आणि करारात तसं वेगळं काही म्हटलं नसेल, तर तो संपुष्टात येतो. करार सापडत नसेल तर प्रकाशकाकडून 'चित्रपटाचे हक्क लेखकाकडे आहेत' असं पत्र घ्या. निर्मात्याचा वकील ते मागणारच.

पुस्तकात कुणाची कविता, गाण्याची ओळ, खऱ्या माणसाचं ओळखू येणारं चित्रण असेल तर त्याची यादी निर्मात्याला आधीच द्या.

निर्मात्याशी करार करताना काय पाहायचं?

पुस्तकाचे हक्क आणि पटकथा लिहिण्याचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन करार करा, किंवा एकाच करारात दोन वेगळे मोबदले लिहा. नाहीतर तुम्हाला पटकथेवरून दूर केलं तर पुस्तकाचे पैसेही त्यात बुडतात.

हक्कांसाठी आधी ठरावीक मुदतीचा ऑप्शन द्या, साधारण १२ ते १८ महिने, छोट्या रकमेवर. त्या काळात निर्मात्याने पैसा उभा करायचा आणि मग पूर्ण रक्कम देऊन हक्क घ्यायचे. मुदतीत झालं नाही तर हक्क मोकळे. 'कायमस्वरूपी, सर्व माध्यमे, संपूर्ण विश्व' या शब्दांवर सही करण्याआधी दुसरा भाग, रिमेक, वेब मालिका आणि नाटक यांचे हक्क वेगळे काढा. नाटकाचा आणि पटकथा छापण्याचा हक्क शक्यतो स्वतःकडेच ठेवा. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर चित्रपटाचं छायाचित्र वापरायची परवानगीही आत्ताच लिहून घ्या, प्रकाशक ती नंतर मागतो.

पटकथेच्या मोबदल्याचे हप्ते कामाशी बांधा: सही, वनलाइन, पहिला ड्राफ्ट, शेवटचा ड्राफ्ट. 'चित्रपट प्रदर्शित झाल्यावर' हा मोठा हप्ता नको. मोबदल्यात किती ड्राफ्ट धरले आहेत ते आकड्यात लिहा. दोन ड्राफ्ट आणि एकदा किरकोळ दुरुस्ती हे रास्त आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाव्यतिरिक्त इतर वापरांच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला मागता येतो. तो सोडून देण्याचं कलम करारात दिसलं तर वकिलाला दाखवा.

कुणालाही पटकथा ऐकवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद होऊन ती ऑनलाइन नोंदवा. नोंदणीमुळे हक्क निर्माण होत नाही, तो लिहिल्याक्षणीच तुमचा असतो. पण अमुक तारखेला अमुक मजकूर तुमच्याकडे होता याचा पुरावा राहतो. ड्राफ्ट बराच बदलला तर पुन्हा नोंदवा.

नाव कसं येतं?

आपल्याकडे कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळी श्रेयं आहेत, आणि याशिवाय 'अमुक कादंबरीवर आधारित' हे चौथं. चारही करारात लिहून घ्या. दुसऱ्या कुणी संवादांवर हात फिरवला तर श्रेय वाटायचं का आणि ते कोण ठरवणार, हेही लिहा. पोस्टर आणि ट्रेलरवर नाव येणार का हा मुद्दा राहून जातो. दिग्दर्शकाचं नाव जिथे जिथे येईल तिथे पटकथाकाराचंही यावं, अशी ओळ घालून घ्या.

दिग्दर्शकाने शेवट बदलला तर?

बदल होणारच. कुठला बदल सोसायचा आणि कुठला नाही हे शूटिंगच्या आधी बसून बोला, आणि दोन-तीन गोष्टी ज्या बदलल्या तर पुस्तकाचा अर्थच उलटा होतो, त्या लेखी कळवा. दोन-तीनच. वीस कळवल्या तर कुणी वाचत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण मर्यादेत. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही आपल्या कृतीचा विपर्यास रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. हिंदी कादंबरीकार मन्नू भंडारी यांनी 'आपका बंटी'वर बेतलेल्या चित्रपटाविरुद्ध याच कलमाखाली दाद मागितली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये करारावर सही झाल्यानंतरही हे संरक्षण टिकतं असं मानलं. माध्यम बदलताना काही बदल अटळ आहेत, हेही न्यायालयाने धरलं. प्रकरण अखेर समझोत्याने मिटलं. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा करारात एक ओळ असलेली बरी: अंतिम चित्रपट पटला नाही तर पुस्तकाचं आणि माझं नाव काढून घेण्याचा अधिकार मला आहे.

वेब मालिका केली तर काही कापावं लागणार नाही ना?

वेळ जास्त मिळतो, पण प्रत्येक भागाला स्वतःची सुरुवात आणि पुढचा भाग लावायला भाग पाडणारा शेवट लागतो. चाळीस मिनिटांचे आठ भाग म्हणजे पाच तास वीस मिनिटं, आणि असे आठ शेवट तुमच्या कादंबरीत बहुधा नाहीत. अशा वेळी कापण्याऐवजी नवं लिहावं लागतं. दुय्यम पात्रांना स्वतःची गोष्ट असलेल्या, मोठ्या गोतावळ्याच्या कादंबऱ्यांना हे माध्यम शोभतं. एका माणसाच्या एका उन्हाळ्याची गोष्ट असेल तर चित्रपटच बरा.

शिकायचं कुठे?

पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) पटकथालेखनाचा पूर्ण वेळ अभ्यासक्रम आहे आणि तिथून छोटे वर्गही घेतले जातात. (ही संस्था प्रभातच्या जुन्या आवारातच आहे, म्हणजे 'कुंकू' जिथे घडला तिथेच.) राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची (एनएफडीसी) पटकथा कार्यशाळा हातात ड्राफ्ट असलेल्यांसाठी आहे. निवड झाली तर मार्गदर्शकांबरोबर तोच ड्राफ्ट पुन्हा लिहायला मिळतो.

घरबसल्या करण्यासारखा अभ्यास याहून मोलाचा आहे. कादंबरीवरून झालेला एक चित्रपट निवडा. 'शाळा' किंवा 'नटरंग' चालेल. कादंबरी आधी वाचा आणि आपली वनलाइन लिहा. मग चित्रपट थांबवत थांबवत बघून प्रत्येक सीन एका ओळीत उतरवा, वेळेसकट. दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जिथे फरक आहे तिथे पटकथाकाराने तसं का केलं असेल ते लिहा. तीन चित्रपटांचं असं केलंत की तुमच्या पुस्तकातली जड प्रकरणं कुठली, हे आपोआप दिसायला लागतं.

पहिला ड्राफ्ट झाला. आता तो कुणाला वाचायला देऊ?

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही अशा तिघांना. पुस्तकाचे चाहते नकोत, कारण पटकथेत राहिलेल्या भोकांत ते पुस्तक भरून घेतात. 'आवडलं का?' असं विचारू नका. 'कुठे घड्याळ बघितलंत?', 'मधला निर्णय तिने का घेतला?' आणि 'शेवटी काय झालं, चार वाक्यांत सांगा', हे तीन प्रश्न विचारा. तिघांपैकी दोघांनी एकाच जागी घोळ केला तर दोष तिथे आहेच, असं समजा. मात्र त्यांनी सुचवलेला उपाय घेऊ नका. दुखणं साठाव्या सीनला जाणवतं आणि कारण बऱ्याचदा विसाव्यात असतं.

मग चार-पाच नट बसवून पूर्ण वाचन करा. कृतीच्या ओळी एकाने वाचायच्या आणि लेखकाने गप्प बसून ऐकायचं. नट जिथे वाक्य अडखळत म्हणतो तिथे खूण करा, दोनदा अडखळला तर वाक्य बदला. निर्मात्याकडच्या नॅरेशनला मात्र पटकथा वाचून दाखवू नका. २५-३० मिनिटांत गोष्ट सांगायची असते. सुरुवातीची दहा मिनिटं, मध्यंतर आणि शेवट सविस्तर, बाकीचं धावतं. सराव घरी आवाज काढून करा, फोनवर ध्वनिमुद्रित करून. आणि निर्मात्याने विचारलं की 'पुस्तकात पण असंच आहे का?', तर पुस्तकाची एक प्रत त्याच्या हातात ठेवा.